अर्दबीलचा गालिचा : जीर्णोद्धार, नक्कल आणि पुनरुज्जीवन

प्रस्तावना

मराठीत जमिनीवर अंथरण्याच्या वस्तूंसाठी जे शब्द रूढ आहेत त्यांपैकी गालिचा, सतरंजी, जाजम हे फार्सीच्या वाटेने आलेले आहेत. त्यातील ‘गालिचा’ या शब्दाची एक गंमत आहे. फार्सीत मोठ्या विणलेल्या बिछायतीला ‘काली’ म्हणतात आणि ‘कालीचे’ हे तिचे लघुत्वदर्शक रूप आहे. आपण लहान वस्तूचे नाव उचलले आणि ते सरसकट लहानमोठ्या सर्वच बिछायतींना लावले. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली वस्तू मात्र कोणत्याही अर्थाने लहान नाही. सुमारे साडेदहा मीटर लांब आणि ५.३ मीटर रुंद असा हा इराणी गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ‘अर्दबीलचा गालिचा’ या नावाने तो ओळखला जातो. जगातील प्राचीन गालिच्यांपैकी सर्वाधिक चर्चा आणि सर्वाधिक नकला बहुधा याच्याच झाल्या असाव्यात.

जुन्या कलाकृतीच्या नक्षीचे ‘पुनरुज्जीवन’ झाले असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय पुन्हा जिवंत होते, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे. केवळ रेषा आणि आकृती जशाच्या तशा उतरवल्या की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. अर्दबीलच्या गालिच्याचा इतिहास तपासला असता ही समजूत दोन बाजूंनी डळमळीत होते. एक तर ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो ते मूळच पूर्णपणे अखंड नाही. दुसरे असे की, गालिच्याची नक्षी लोकर, रंग, गाठ आणि आकारमान यांच्यापासून सोडवून वेगळी काढता येत नाही.

मूळ गालिचा आणि त्याचा काळ

इराणच्या वायव्येस असलेले अर्दबील हे नगर सूफी साधू शेख सफीउद्दीन (१२५२–१३३४) यांच्या दर्ग्यामुळे प्रसिद्धीस आले. त्यांच्या परंपरेतून पुढे सफवी राजघराणे उदयास आले. १५०१ मध्ये शाह इस्माइल गादीवर बसला आणि त्याचा पुत्र शाह तहमास्प याने १५२४ ते १५७६ असे दीर्घकाळ राज्य केले. आपल्या घराण्याच्या मूळपुरुषाच्या समाधिस्थानाचा विस्तार करणे हे त्याच्या दृष्टीने धार्मिक कर्तव्य होते, तसेच राजकीय विधानही होते.

गालिच्याच्या एका टोकाला विणलेल्या चौकटीत हाफिजच्या गझलेतील एक शेर आहे. त्याखाली विणकाम करविणाऱ्याने स्वतःला उंबरठ्याचा दास म्हणवून मक्सूद काशानी हे नाव आणि ९४६ हे हिजरी वर्ष नोंदविले आहे. हे वर्ष इसवी सन १५३९–४० असे येते. निर्मितीचे वर्ष स्वतःच्याच अंगावर वागवणारे इतके जुने गालिचे जगात अत्यंत थोडे आहेत. गालिच्यांच्या इतिहासात कालनिर्णयासाठी एरवी चित्रांतील साक्षी आणि शैलीवरून केलेली अनुमाने यांवरच विसंबावे लागते. त्यामुळे या एका तारखेचे मोल नक्षीइतकेच आहे.

मक्सूद हा स्वतः विणकर नसावा. त्याने आराखडा आणि देखरेख यांची जबाबदारी घेतली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. हा गालिचा अर्दबीलला विणला गेला असेही नाही. तबरीझ, काझवीन, काशान अशी वेगवेगळी नावे सुचविली गेली आहेत आणि वाद मिटलेला नाही. तो त्या दर्ग्यासाठीच होता काय, यावरही शंका घेतल्या गेल्या, कारण तेथील बहुतेक दालने त्याच्या मानाने लहान आहेत. तहमास्पच्या काळात उभारलेल्या ‘जन्नत सरा’ या इमारतीत असे दोन गालिचे शेजारी शेजारी मावू शकले असते, हे त्या शंकेला दिले गेलेले एक उत्तर. ‘दोन गालिचे’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. त्यांच्याकडे पुढे वळावे लागेल.

नक्षीची रचना ऐकताना सोपी वाटते. गडद निळ्या पटाच्या मध्यभागी पिवळे, सूर्यबिंबासारखे पदक. त्याभोवती टोकदार लंबगोलांचे वलय, सोळा. पदकाच्या वरच्या आणि खालच्या बाजूस लोंबणारा एकेक दिवा. चारही कोपऱ्यांत याच पदकाचा एकेक चतुर्थांश, म्हणजे मध्यबिंब जणू चारही दिशांना पुन्हा उगवते आहे. उरलेल्या निळ्या पटावर पानाफुलांच्या वेली एकमेकींच्या वरून आणि खालून धावतात, पण कोठेही गुंता होत नाही. ताणा आणि बाणा रेशमाचे असून गाठी लोकरीच्या आहेत. लोकर रेशमापेक्षा रंग अधिक गडद धरते, हे त्यामागील कारण. एकूण दहा रंग वापरलेले आहेत आणि ते नीळ, डाळिंबाची साल यांसारख्या नैसर्गिक द्रव्यांपासून केलेले आहेत.

दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौरसात सुमारे ५३०० गाठी, असे याचे प्रमाण आहे. संपूर्ण गालिच्यातील गाठींची संख्या अडीच कोटींच्या वर जाते. एका विणकराने दिवसाला सहा हजार गाठी मारल्या असे धरले आणि मागावर एका वेळी दहा जण बसले असे मानले, तरी केवळ गाठी मारण्यातच चारशेहून अधिक कामाचे दिवस जातात. ताणा लावणे, रंगाई आणि कातरणी यांचा वेळ यात नाही. दरबाराचा पैसा आणि दरबाराचा संयम यांशिवाय ही वस्तू संभवतच नव्हती.

दोन दिव्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ते समान आकाराचे नाहीत. एक मोठा, दुसरा लहान. लहान दिव्याच्या बाजूने बसून पाहिल्यास दूरचा मोठा दिवा जवळच्याएवढाच दिसावा, ही योजना होती असे काहींना वाटते. परंतु यथार्थदर्शनाचा असा उपयोग त्या काळच्या इराणी कलेत अन्यत्र आढळत नाही. परिपूर्णता केवळ ईश्वराची, म्हणून मुद्दाम ठेवलेला हा दोष आहे, असा दुसरा खुलासा दिला जातो. तो गोड आहे, पण जगभरातील विणकामाच्या प्रत्येक विसंगतीला तो चिकटवला जातो, म्हणून प्रस्तुत लेखकास तो फारसा विश्वासार्ह वाटत नाही.

विक्री आणि जीर्णोद्धार

सफवी सत्ता गेल्यावर दर्ग्याचे वैभव ओसरले. १८२८ मध्ये रशियन सैन्याने तेथील ग्रंथसंग्रह उचलून नेला. १८४३ मध्ये तेथे गेलेल्या होम्स या इंग्रज प्रवाशाने एकेकाळी भव्य असलेल्या गालिच्याचे विटलेले अवशेष पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे शतकाच्या अखेरीस इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा म्हणून गालिचे विकले गेले. ते घेतले मँचेस्टरच्या झीग्लर आणि कंपनीने. त्यांच्याकडून ते लंडनच्या व्हिन्सेंट रॉबिन्सन या व्यापारी पेढीकडे आले आणि १८९२ मध्ये त्यांतील एक गालिचा प्रदर्शनात मांडण्यात आला.

ही वेळही लक्षात घेण्यासारखी आहे. आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, व्हिएन्ना येथे पौर्वात्य गालिच्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि पायाखालची वस्तू ही अभ्यासविषय होऊ शकते, हे युरोपातील विद्वानांना प्रथमच जाणवू लागले होते. साउथ केन्सिंग्टन म्युझियमने (१८९९ पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) या गालिच्याविषयी ज्यांचे मत घेतले त्यांत कवी, समाजवादी आणि आराखडाकार विल्यम मॉरिस होते. ते स्वतः १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून हाताने गाठी मारलेले गालिचे करवून घेत होते, म्हणजे हे मत करणाऱ्याचे होते. सबंध नक्षीत तर्कसंगती आणि सौंदर्य अखेरपर्यंत सुटत नाही, या अर्थाचा अभिप्राय त्यांनी दिला. मार्च १८९३ मध्ये २००० पौंडांना खरेदी झाली. ती रक्कम त्या काळी एवढी मोठी होती की संग्रहालयाला देणगीदारांचे साहाय्य घ्यावे लागले.

जगासमोर एकच गालिचा आला होता. प्रत्यक्षात दर्ग्यातून आणलेले गालिचे दोन होते आणि ते जोडीचे होते. दोन्ही झिजलेले, फाटलेले होते. व्यापाऱ्यांनी एकाचे भाग कापून दुसऱ्याच्या खड्ड्यांत बसविले. एक संपूर्ण झाला. दुसऱ्याचा मूळ काठ गेला, पटही आखूड झाला. हा उरलेला गालिचा पुढे गुपचूप अमेरिकेत गेला. चार्ल्स यर्क्स या रेल्वे-ट्राम व्यवसायातील धनिकाच्या संग्रहातून आणि जोसेफ ड्युव्हीन या कलाव्यापाऱ्याच्या हातून तो १९३८ मध्ये तेलसम्राट जे. पॉल गेटी यांच्याकडे आला. त्यांनी १९५३ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयास दिला.

आपल्याकडे जुन्या मंदिराच्या दुरुस्तीला ‘जीर्णोद्धार’ म्हणतात आणि तो शब्द नेहमीच पुण्यकृत्याच्या छटेने उच्चारला जातो. येथे घडलेल्या जीर्णोद्धारात पुण्य कोणते आणि नासधूस कोणती, हे सांगणे कठीण आहे. दोन खंडित गालिचे दोन साक्षीदार म्हणून उरले असते. त्याऐवजी बाजारासाठी एक निर्दोष साक्षीदार तयार करण्यात आला. मॉरिस यांनी ज्या संपूर्णतेची प्रशंसा केली ती काही अंशी एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीकाराच्या सुईची होती. यामुळे त्या गालिच्याची थोरवी उणी होत नाही. पण पुढे त्याच्या नक्षीची जी शेकडो ‘पुनरुज्जीवने’ झाली त्यांचा आधारच एक पुनर्रचना होती, हे विसरता येत नाही.

झीग्लरचा दुसरा उद्योग

ज्या झीग्लर कंपनीने जुना गालिचा इराणबाहेर नेला, तीच कंपनी १८८३ पासून सुलतानाबाद (आजचे अराक) येथे नवे गालिचे विणून घेत होती. युरोपीय दिवाणखान्यांच्या मापानुसार आकार, मोठी व मोकळी केलेली नक्षी आणि तेथील अभिरुचीला मानवणारे सौम्य रंग असे तिचे धोरण होते. त्या शतकाच्या उत्तरार्धात इराणी गालिचा-व्यवसाय पुन्हा उभा राहिला तो अशा परदेशी मागणीवर आणि तबरीझच्या व्यापाऱ्यांच्या भांडवलावर. याच लाटेत सफवी काळातील पदकयुक्त नक्षी पुन्हा मागावर चढल्या. इराणमध्ये आपल्या विवेच्य नक्षीला ‘शेख सफी’ या नावाने ओळखतात. ग्राहकांचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण बाजारात ‘अर्दबील’ म्हणून मिळणारे गालिचे बहुधा भौमितिक आकृत्यांचे, कॉकेशसच्या धाटणीचे असतात. ते त्या प्रदेशात विणलेले असतात, पण त्यांचा या पदकाशी संबंध नसतो.

याच काळात आपल्याकडेही जुन्या नक्षींच्या नकलांचा एक अध्याय घडत होता, तोही तुरुंगांत. आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणलेला प्रचंड गालिचा विंडसर किल्ल्यातील वॉटर्लू दालनात गेला. पुण्याच्या येरवडा तुरुंगात विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांच्या नमुन्यांवरून विणकाम होत असे. बेळगावी जन्मलेले आणि मुंबईत दीर्घकाळ काम केलेले जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी कारागिरीवरील आपल्या ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर कडक टीका केली. स्वस्त सक्तीच्या श्रमापुढे स्वतंत्र विणकर टिकणार नाहीत आणि कलेचा दर्जाही घसरेल, हा त्यांचा रोख होता. नमुना अस्सल असला तरी विणणाऱ्याची परिस्थिती बदलली की वस्तू बदलते, हा त्यांच्या टीकेतला गाभा आजही विचारार्ह आहे.

गाठींचे गणित

नक्कल का अवघड असते, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. गालिच्याची नक्षी कागदावरील रेषेसारखी अखंड नसते. प्रत्येक गाठ म्हणजे एका रंगाचा एक ठिपका आणि वेलीचे वळण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी ठिपक्यांची रांग. ठिपके जितके बारीक तितक्या पायऱ्या कमी दिसतात.

मूळ गालिच्यात दहा सेंटिमीटरला सरासरी ७३ गाठी येतात. म्हणजे ५.३ मीटर रुंदीत एका ओळीत सुमारे ३८५० गाठी. आता हीच नक्षी १.८ मीटर रुंदीच्या, घरगुती मापाच्या गालिच्यावर एकही गाठ न गाळता उतरवायची असेल, तर दहा सेंटिमीटरला २१४ च्या आसपास गाठी बसवाव्या लागतील. दहा सेंटिमीटरच्या चौरसात त्या ४५ हजारांहून अधिक होतात. लोकरीच्या धाग्यात हे अशक्यप्राय आहे. सर्वसाधारण चांगल्या प्रतीच्या गालिच्यात याच्या एक-दशांशही गाठी नसतात.

तेव्हा आकार लहान केला की नक्षीकाराला काहीतरी सोडून द्यावेच लागते. तो सहसा वेलींचा एक थर काढून टाकतो, फुलांच्या पाकळ्या कमी करतो, सोळा लंबगोलांमधील बारीक भरण सपाट करतो. पदक आणि दिवे राहतात, कारण ओळख त्यांच्यावर अवलंबून असते. परिणाम असा की, मूळ गालिच्यात जो निळा पट सजीव असतो तोच नकलेत केवळ पार्श्वभूमी होऊन जातो. ज्या गोष्टीसाठी मॉरिस यांनी हा गालिचा वाखाणला ती संगती सर्वांत आधी गळते आणि जी गोष्ट दुरून ओळखू येते ती टिकते. लहान दिवा आणि मोठा दिवा यांचे काय करायचे, हाही निर्णय प्रत्येक नक्षीकाराला घ्यावा लागतो. समान केले तर मूळचे कोडे नाहीसे होते. असमान ठेवले तर गिऱ्हाईक ती विणकराची चूक समजते.

ही नक्षी विणकरापर्यंत पोहोचविण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. इराणच्या शहरी कारखान्यांत चौकटींच्या कागदावर रंगविलेला आराखडा मागासमोर टांगतात. काही ठिकाणी नक्षीचे तुकडे दाखविणारा विणलेला लहान नमुनाच वापरतात, त्याला ‘वागीरे’ म्हणतात. काश्मीरमध्ये ‘तालीम’ नावाची सांकेतिक लिपी आहे. किती गाठी कोणत्या रंगाच्या, हे तिच्या चिन्हांतून वाचले जाते आणि विणकर चित्र न पाहता शब्दांवरून विणतो. शेख सफीच्या पदकाची नक्षी काश्मिरात रेशमातही विणली जाते. तिथे ती नक्षी म्हणजे अक्षरशः एक लिखित संहिता असते.

रंगांचा प्रश्न

रेषांइतकाच, किंबहुना अधिक, अडचणीचा प्रश्न रंगांचा आहे. १८७० च्या दशकापासून युरोपातील कृत्रिम ॲनिलीन रंग इराणमध्ये पसरले. ते स्वस्त होते आणि झटपट चढत, पण उन्हात विटत आणि पाण्यात सुटत. नासिरुद्दीन शाहच्या राजवटीत त्यांच्या आयातीवर बंदी घालण्याचे प्रयत्न झाले, परंतु त्यांना फारसे यश आले नाही. पुढे विसाव्या शतकात पक्के क्रोम रंग आले. ते विटत नाहीत, पण त्यांचा एकसारखेपणा वेगळ्या प्रकारे खटकतो. नैसर्गिक रंगांत एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात थोडा फरक पडतो, लोकरीची प्रत आणि पाणी यांमुळेही छटा हलते. त्यातून एकाच निळ्या पटावर जे हलके पट्टे उमटतात त्यांना ‘अब्रश’ म्हणतात. जाणकाराला ते दोष वाटत नाहीत.

हे ज्ञान परत मिळविण्याचे एक उदाहरण शेजारच्या तुर्कस्तानात घडले. हॅराल्ड बोमर या जर्मन रसायनशास्त्र-शिक्षकाने जुन्या गालिच्यांतील रंगद्रव्यांचे पृथक्करण केले आणि ती द्रव्ये स्थानिक वनस्पतींतून पुन्हा कशी काढता येतील, हे शोधले. १९८१ मध्ये मार्मारा विद्यापीठाच्या सहकार्याने ‘डोबाग’ हा प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामीण विणकर स्त्रिया मंजिष्ठासारख्या द्रव्यांकडे परतल्या. येथे कोणत्याही एका प्रसिद्ध गालिच्याची नक्कल नव्हती. प्रक्रिया परत आणली गेली आणि नक्षी विणकरांवर सोपविली गेली. लेखकाच्या मते पुनरुज्जीवन हा शब्द अशा कामाला अधिक शोभतो. पदक हुबेहूब उतरवून त्याखाली कारखान्यातील लोकर वापरणे ही नक्कलच, मग तिची किंमत काहीही असो.

बाजार आणि निर्बंध

नक्षीला राष्ट्राची सीमा नसते, व्यापाराला मात्र असते. अमेरिकेने १९८७ मध्ये इराणी मालाच्या आयातीवर बंदी घातली, २००० मध्ये गालिच्यांपुरती ती उठविली, २०१० मध्ये पुन्हा लादली, २०१६ मध्ये शिथिल केली आणि २०१८ मध्ये परत आणली. प्रत्येक वेळी त्या बाजारातील इराणी नक्षीची मागणी भारत, पाकिस्तान, चीन, नेपाळ येथील मागांकडे वळत राहिली. शेख सफीचे पदक भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यातही विणले गेले. नक्षीचे हे स्थलांतर विणकरांनी निवडलेले नव्हते. वॉशिंग्टनमधील एका आदेशाने काशानचा माग थांबतो आणि दुसरीकडचा सुरू होतो. नाव मात्र दोन्हीकडे ‘पर्शियन’च राहते.

२०१० या एकाच वर्षात शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि फार्स व काशान येथील पारंपरिक गालिचा-विणकामाची कौशल्ये अमूर्त वारशाच्या यादीत आली. याच वर्षी अमेरिकन निर्बंध परत आले, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. कौशल्याला वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि त्या कौशल्याची मोठी बाजारपेठ बंद झाली.

दोन गालिच्यांची आजची स्थिती

लंडनमधील गालिचा अनेक दशके भिंतीवर टांगलेला होता. त्यामुळे पाहणाऱ्याला तो एखाद्या चित्रासारखा दिसे आणि धाग्यांवर त्याच्याच वजनाचा ताण येई. २००६ मध्ये जमील दालन उघडले तेव्हा तो जमिनीवर, मोठ्या काचेच्या आवरणात सपाट अंथरण्यात आला. रंग जपण्यासाठी प्रकाश मंद ठेवला आणि दर अर्ध्या तासाला केवळ दहा मिनिटे उजेड वाढविण्याची योजना केली. उरलेला वेळ पट अंधूक असतो आणि पिवळे पदक तेवढे जाणवते.

लॉस एंजेलिसमधील जोडीचा गालिचा सुमारे ७.२ मीटर लांब आणि चार मीटर रुंद उरला आहे. त्याच्यावरही तोच शेर, तेच नाव आणि तेच वर्ष विणलेले आहे. मूळ काठाचा भाग नसल्यामुळे निळ्या पटावरील वेली कडेपर्यंत येतात आणि तिथे कापल्यासारख्या थांबतात. त्यांची पुढची वळणे कशी असावीत, हे जाणून घ्यायचे तर लंडनच्या गालिच्याकडे पाहावे लागते.